नऊ लाखांचं चित्र आणि माझं ओलं फडकं

मी नऊ लाख रुपयांचं चित्र ओल्या फडक्यानं पुसून लख्ख केलं आहे.

चित्र अर्थातच माझं नव्हतं. (माझ्या मालकीचं एकमेव चित्र म्हणजे किराणा दुकानानं दिलेलं कॅलेंडर.) ते आमच्या साहेबांचं. साहेब बिल्डर आणि मी त्यांच्या गंगापूर रोडवरच्या ऑफिसात मॅनेजर. लासलगावच्या मार्केटात कांद्याच्या गोण्या वाहिलेल्या माणसाचा मी मुलगा, आणि आमच्या अख्ख्या खानदानात कॉलेजची पायरी चढलेला पहिला! ही गोष्ट मी समोरच्याला पहिल्या पाच मिनिटांत सांगतो. आताही सांगितलीच.

मुंबईला चित्रांचा लिलाव होता, तिथं साहेब मला सोबत घेऊन गेले. स्टेजवर एक भलामोठा कॅनव्हास आणला. सगळा पांढुरका-करडा. गिलावा झाला आणि रंगारी पळून गेला, असं काहीतरी. साहेब कानाशी कुजबुजले, "तू शिकलेला आहेस. काय आहे रे यात?"

'कळत नाही' म्हणावं, तर पदवीचा अपमान! मी डोळे बारीक केले, हनुवटीला हात लावला आणि म्हणालो, "सर, एकटेपण."

साहेबांनी हात वर केला. पुढच्या रांगेतून नाशिकच्याच दुसऱ्या एका बिल्डरनं हात वर केला. मग साहेबांनी. मग त्यानं. दोघंही चित्राकडं बघेनात, एकमेकांकडंच बघत होते. एक लाखाला सुरू झालेलं एकटेपण नऊ लाखांवर जाऊन थांबलं. मला तर खुर्चीतच घाम फुटला!

साहेबांच्या नव्या बंगल्यात रंगकाम चालू होतं. "दोन दिवस तुझ्याकडं ठेव. तुला त्यातलं कळतं," साहेब म्हणाले. चित्र आमच्या पंचवटीतल्या दोन खोल्यांत आलं. मी ते कपाटाला टेकवून ठेवलं, घरच्यांना "हात लावाल तर याद राखा" असा दम दिला आणि ऑफिसला गेलो.

आता आमच्या आईचा एक नियम आहे. घरात कुठलीही नवी वस्तू आली की तिला हळदकुंकू लागल्याशिवाय ती वापरायची नाही. फ्रिजवर स्वस्तिक आहे. गॅसच्या शेगडीवर आहे. माझ्या पदवीच्या सर्टिफिकेटवर कुलगुरूंच्या सहीशेजारी आईचं कुंकवाचं बोट आहे.

संध्याकाळी घरात पाऊल टाकलं तर उदबत्तीचा वास! चित्रापुढं फोडलेला नारळ. आणि चित्राच्या खालच्या कोपऱ्यात लालसर ठिपके, शेजारी पिवळा ओरखडा!

मी ओरडलो, "आई! तू याची पूजा केलीस?"

"केली की!" ती ओट्यापासून म्हणाली. "नऊ लाखाची वस्तू घरात आली, तिला काय तशीच ठेवू?"

पुढचं काही ऐकायला मी थांबलोच नाही. फडकं भिजवलं आणि घासायला लागलो. रंग निघाला. अगदी सहज निघाला! राहिलेला तांबूस डाग भांड्याच्या साबणानं काढला. पाच मिनिटांत कोपरा असा स्वच्छ झाला की मला स्वतःचाच अभिमान वाटला.

तेवढ्यात आई हात पुसत बाहेर आली. "काय घासतोयस रे एवढं?"

"तुझं कुंकू!"

"माझं कुंकू मागं हाय! पुढं कशाला लावीन? चित्र खराब नाय का होणार?"

मी चित्र फिरवलं. मागच्या लाकडी पट्टीवर सुबक स्वस्तिक आणि हळदकुंकवाची दोन बोटं!

चित्रासोबत एक माहितीपत्रक आलं होतं. इंग्रजीत. ते मी तेव्हा पहिल्यांदा उघडलं. 'नैसर्गिक माती व गेरूचा वापर. पाणी लागू देऊ नये.' म्हणजे मी पुसला तो चित्राचाच रंग! नोकरी गेली, अब्रू गेली!

अण्णा, म्हणजे माझे वडील, खाटेवरून सगळं बघत होते. "किती ठिपके व्हते?"

"आठवत नाही."

"म्हंजे? सायबाला अर्थ तर तूच सांगितला ना?"

"अर्थ सांगितला हो अण्णा... नीट बघितलं कुठं होतं!"

"मग सायबानं तरी कुठं बघितलं आसंल," अण्णा म्हणाले. "दोन व्यापारी इरेला पेटले का कांदा कोण बघतो? तो सडका असला तरी भाव चढतोच."

हे ऐकून मला धीर आला आणि डोक्यात पाप आलं. "आई, कुंकवाचा करंडा दे. दोन ठिपके देतो परत, कोणाला कळतंय!"

आईनं करंडा पाठीमागं लपवला. "देवाचं कुंकू हाय! खोटं बोलाया नाय मिळायचं!"

दुसऱ्या दिवशी सकाळी साहेब घरी आले. मी एका दमात सगळं सांगून टाकलं. साहेबांनी चित्रापुढं दोन चकरा मारल्या.

"कुठं पुसलंस?"

मला बोट ठेवून दाखवावं लागलं. जागा कळल्यावर मात्र साहेबांचा चेहरा पांढराफटक पडला, आणि मग त्यांनी असा आवाज काढला की खालचा भाजीवाला वर बघायला लागला.

चित्रकाराला मुंबईहून बोलावलं. आला तो स्लीपर घातलेला एक हडकुळा तरुण. चित्र बघून त्यानं पिशवीतून एक डबी काढली. मी जीव मुठीत धरून उभा. त्यानं डबीतला गेरू कालवला, बोट बुडवलं आणि तीन ठिपके दिले. टप्, टप्, टप्. पिवळ्या मातीचा एक ओरखडा ओढला आणि चहा मागितला.

"गोणीचं तोंड शिवाया यापरीस जास्त येळ लागतो," अण्णा पुटपुटले.

दुरुस्तीचं बिल आलं चाळीस हजार. साहेब मनानं मोठे, नोकरी ठेवली. बिल माझ्या पगारातून कापायचं ठरलं, महिना दोन हजार.

श्रीमंत माणसं असल्या चित्रांना एवढे पैसे का देतात, हे मला अजूनही कळलेलं नाही. मी का देतोय, ते मात्र अगदी नीट कळलंय!