शकूचा ऐकतानाचा चेहरा

हे मी कोणापाशी बोलले नाही. घरच्यांपाशी नाही, मैत्रिणींपाशी नाही. देवापाशीही नाही — त्याला ठाऊकच असेल म्हणून. तुमची-माझी ओळख नाही, तेव्हा तुम्हाला सांगणं त्यातल्या त्यात सोपं. बसा जरा. मी पाल्हाळ लावते, सवयच आहे माझी. आज मात्र सवयीनं लावतेय की टाळायला, ते माझं मलाच कळत नाही.

सुरुवात सिनेमापासून करावी लागेल. हसू नका. सातवीनंतर शाळा सुटलेली बाई मी, पुढचं जे काही आलं ते रद्दीतले पेपर वाचून आलं. आणि अडुसष्टाव्या वर्षी मोबाईलवर सिनेमा करायला शिकले. अमरावतीत आमच्या गल्लीतल्या वाचनालयाच्या माडीवर महिला मंडळानं दिवाळीनंतर सहा शनिवारांचा वर्ग ठेवला होता. शिकवायला एक गृहस्थ होते, जन्मभर लग्नांचं शूटिंग केलेले. आम्ही त्यांना मास्तर म्हणायचो. त्यांचं म्हणणं असं, की दोन माणसं समोरासमोर बसून बोलतात, एवढं ज्याला दाखवता आलं त्याला सगळं आलं.

ते करायचं कसं? आधी दोघी एका चौकटीत दिसतील असं सगळं बोलणं एकदा घ्यायचं. मग मोबाईल फक्त तिच्यावर, पुन्हा तेच बोलणं. मग माझ्यावर, पुन्हा तेच. दोघींच्या मधून एक रेघ गेलीय असं समजायचं आणि मोबाईल त्या रेघेच्या एकाच बाजूला ठेवायचा. नाहीतर दोघी एकाच दिशेला पाहून बोलतायत असं वाटतं. आणि शेवटी प्रत्येकीचा नुसता ऐकतानाचा चेहरा घ्यायचा, गप्प. समोरचीनं तेव्हा काहीही बोलत राहायचं, म्हणजे चेहरा जिवंत राहतो. पुढं बोलणं कुठं कापलं, की ती फट झाकायला तो चेहरा लावायचा. मास्तर म्हणायचे, गप्प चेहरा मिठासारखा, कशातही चालतो.

किती खरं बोलले ते.

आता शकू. माझी धाकटी बहीण. अकोल्याला जुन्या शहरात, मोर्णा नदीच्या पलीकडे आमचं माहेर. तिथं ती आईजवळ राहिली. लग्न झालं नाही तिचं. शेवटची सात वर्षं आई अंथरुणाला खिळलेली, आणि ते सगळं — पाठ पुसणं, चादरी बदलणं, भरवणं — शकूनं एकटीनं केलं. भाऊ-वहिनी वरच्या मजल्यावर. मी अमरावतीला. दोन तासांची एस्टी. दोन महिन्यांतून एकदा जायची, संत्री न्यायची, आईच्या उशाशी बसून रडायची, संध्याकाळच्या गाडीनं परत.

आई गेली त्या दिवशी माझ्याकडे संक्रांतीचं हळदीकुंकू होतं. पंचवीस-तीस बायका, वाणाच्या वाट्या मांडलेल्या. अकराच्या सुमाराला शकूचा फोन आला. मी पाहिला. वाटलं, पुन्हा तेच, ताप चढला असेल, लगेच ये म्हणेल. फोन पालथा ठेवला. मग दुसरा आला. मग तिसरा. तिन्ही वेळा मी पाहिलं. संध्याकाळी बायका गेल्यावर फोन लावला तेव्हा आई दुपारीच गेलेली होती.

लोकांनी विचारलं, तुम्ही कशा नाही पोचल्या? मी म्हटलं, मला वेळेवर कोणी कळवलंच नाही. तेव्हा तोंडातून निघून गेलं, असं म्हणू का? नाही म्हणत. पुढं अकरा महिने मी तेच सांगत होते. शकूच्या कानावर ते गेलं नव्हतं. ती घराबाहेर फारशी पडत नाही.

पण कबूल करायचं आहे ते हे नाही. म्हणजे हेही आहेच — पण पुढचं.

मास्तरांनी शेवटच्या शनिवारसाठी तीन मिनिटांचं काम दिलं, दोन माणसांचं बोलणं. मी शकूला निवडलं. भावाला कळलं तर तो खूश; म्हणाला, आईच्या आठवणींवरच कर, वर्षश्राद्धाला सगळे येतील, टीव्हीवर लावू. मी अकोल्याला गेले. आईच्या खोलीत, त्या निळ्या भिंतीपुढं दोघी बसलो. तिनं धुतलेलं लुगडं नेसलं होतं आणि पावडर लावली होती. मी आईचा शेवटचा दिवस विचारला आणि ती सरळ सांगत गेली — सकाळी दोन घोट चहा घेतला, मग डोळे फिरवले, मग मी ताईले तीन फोन लावले, मग वरून दादाले बोलावलं. कुठं आवाज चढला नाही. तक्रार तर नाहीच. बाजारभाव सांगावा तसं सांगितलं. मग तिचा ऐकतानाचा चेहरा घेतला.

घरी येऊन जोडायला बसले. ते तीन फोन पडद्यावर जाणार, सगळ्या गोतावळ्यापुढं. तेवढं एक वाक्य मी कापलं. तेवढ्यावर भागलं असतं ना? भागलं असतं. कोणाला पत्ता लागला नसता.

मी तिथं थांबले नाही.

स्वयंपाकघरात निळी चादर टांगली. अकोल्याला नेसले होते तेच जांभळं लुगडं नेसले, खिडकीचा उजेड त्याच अंगाला येईल असा पाट ठेवला, मोबाईल रेघेच्या त्याच बाजूला. आणि समोरच्या रिकाम्या पाटाला विचारलं, "शकू, मले येळेवर कावून नाई सांगतलं वं तू?" तीनदा घेतलं. तिसऱ्या वेळी आवाज नीट कापरा झाला. त्याच्या पाठोपाठ शकूचा गप्प चेहरा लावला. खाली अकोल्याच्या पंख्याची घरघर पसरली, म्हणजे दोन खोल्या एक वाटाव्यात. त्या चेहऱ्यात ती आधी माझ्याकडे बघते, मग तिचे डोळे भरतात, मग ती मान खाली घालते. सहा सेकंद. त्यानंतर आईचा रिकामा पलंग.

तिच्या तोंडी मी एकही खोटा शब्द घातला नाही. शब्दच घातला नाही.

मास्तरांनी वर्गात दोनदा लावून पाहिलं. म्हणाले, कुठं जोडलंय ते कळतसुद्धा नाही, मावशी. मला आनंद झाला. तोही सांगून टाकते.

वर्षश्राद्धाला जेवणाआधी टीव्हीवर लावलं. शकू दाराशी उभी, हाताला वड्याचं पीठ. ते सहा सेकंद आले आणि खोलीत कोणी हललं नाही. आमची सगळ्यात मोठी मावशी हळूच म्हणाली, "एवढी सेवा केली बापा, पण पोरीले मायचं तोंड नाई पाहू देलं." वहिनीनं मान हलवली. मी पदर डोळ्यांना लावला. शकू पडद्यावर गप्प होती तशीच दारात गप्प. मग आत जाऊन वडे तळायला लागली.

मावशीचं ते वाक्य पुढं सगळ्या नात्यात फिरलं. अजून फिरतंय. सात वर्षांतलं दुसरं काही कोणी काढत नाही.

निघताना शकू नाक्यापर्यंत पोचवायला आली. पिशवीतून एक बाटली काढून माझ्या हातात दिली. मोहाच्या बियांचं तेल, धारणीहून कोणाकडून तरी मागवलेलं. "गुडघ्याले लावत जाय," म्हणाली. "त्या दिवशी मोबाईलपुढं सांगून राहिली होती न तू, तुया गुडघ्याचं."

म्हणजे तिनं तो चेहरा ओळखला होता. कधीचा, ते ओळखलं होतं. मी बाटली घेतली. एस्टी आली, चढले.

याला पाच वर्षं झाली. शकू अकोल्यालाच आहे. नात्यातल्या लग्नांना तिला बोलावतात आणि कोपऱ्यात बसवतात. मी ते बघते आणि जेवते.

न कापलेला तो तुकडा माझ्या मोबाईलमध्ये आहे. मी तो पुसला नाही आणि कोणाला दाखवलाही नाही. पाऊण मिनिटाचा. त्यात माझा आवाज येतो — जिना चढवत नाही, रात्री झोप नाही, म्हाताऱ्या बाईचं कोण ऐकतं, असलं काहीतरी मी बोलतेय, नुसता तिचा चेहरा जिवंत राहावा म्हणून. ती बघते. तिचे डोळे भरतात. मान खाली घालून ती माझ्या गुडघ्याकडे बघते. मी कापलं ते इथं. पुढं आणखी चार सेकंद आहेत. त्यात तिला गप्प बसायचं राहवत नाही आणि ती विचारते, "लय दुखते काय वं ताई?"