उंबराखालची वाटी

माझं अक्षर मुंगीच्या पायांसारखं आहे आणि ऱ्हस्वदीर्घ मला कधी जमलंच नाही. चौथीनंतर शाळा सुटली. त्यानंतर हातात पेन आलं ते किराण्याची चिठ्ठी लिहायला नाहीतर कुठे सही करायला. तेव्हा चुका होणार, त्याबद्दल माफी असावी. माफी कुणाकडे मागते आहे तेही कळत नाही, कारण हे मी कुणाला दाखवणार नाही. पण तोंडाने सांगायला गेले की माझा आवाज घशातच राहतो, म्हणून लिहिते.

आम्ही कासारवाडीत राहतो, रुळांच्या अलीकडे. पत्र्याच्या खोल्यांच्या समोरासमोर दोन रांगा आहेत. मधे अंगण, अंगणात नळ आणि नळाच्या बाजूला उंबराचं झाड. आमचे हे चाकणला कंपनीत आहेत. त्यांची बस पहाटे येते, ते गेले की मी अंगण झाडते. नळावर गर्दी व्हायच्या आत माझं झाडून, पाणी भरून झालेलं असतं. गर्दीत मला उभं राहता येत नाही. कुणी हंडा पुढे घातला तर मी मागे सरकते.

होळी जवळ आली होती. झाडताना फरशी पायाला चिकटायला लागली. चपला उचलल्या की चटचट आवाज यायचा. मला वाटलं कुणाच्या पोराने सरबत सांडलं. पाणी मारून धुतलं तर दुसऱ्या दिवशी पुन्हा तसंच. मग एकदा ऊन वर आल्यावर मी खाली बसून तांदूळ निवडत होते, तेव्हा उन्हात बारीक तुषार खाली येताना दिसले. आभाळ तर कोरडं होतं. एक थेंब मनगटावर पडला. मी तो जिभेला लावला. गोड होता. गुळाच्या पाण्यासारखा, पण गुळाचा वास नसलेला.

उंबर म्हणजे दत्ताचं झाड. माझ्या मनात दुसरं काही आलंच नाही. मी हात जोडले आणि रडले. त्या दिवशी गुरुवार होता हेही नंतर आठवलं, आणि आठवल्यावर आणखी रडले.

मी नळावर एकीला सांगितलं. माझ्या सवयीप्रमाणे हळूच सांगितलं. पण ती गोष्ट मोठी होऊन माझ्याकडेच परत आली. संध्याकाळपर्यंत सगळ्या बायका झाडाखाली तळहात पसरून उभ्या होत्या.

"गोड हाय गं, खरंच गोड हाय."

"काकूंना दिसलं पहिल्यांदा. त्यांचं मन साफ आहे ना."

मला कुणी असं कधी म्हटलं नव्हतं.

आमच्या समोरच्या खोलीत एक ताई राहतात. त्या बौद्ध आहेत, देवाधर्माच्या भानगडीत पडत नाहीत, पण कुणाच्या घरी आजारपण असलं तर पहिल्या येतात. त्या कामावरून आल्या आणि झाडाखाली उभ्या असलेल्या आपल्या गाडीच्या सीटवर फडकं मारू लागल्या. सीट चिकट झाली होती. त्या म्हणाल्या, "वहिनी, चिकटा आहे हा. झाडाला कीड लागली की पडतो. माझ्या डब्यातल्या जास्वंदीला असाच झाला होता. साबणाचं पाणी मारा, जाईल."

सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या. एरवी मी मान खाली घातली असती. त्या दिवशी का कोण जाणे, मी मोठ्याने बोलले.

"तुम्हाला काय कळणार त्यातलं. तुमच्यात देवच नाही मानत."

बायका हसल्या. एक म्हणाली, "अगंबाई, काकूंना तोंड आहे की." दुसरी म्हणाली, "दत्तानं दिलं ते." ताईंनी फडकं पिळलं, सीट पुसून पुरी केली आणि दार लोटून घेतलं. मला त्या हसण्याचं बरं वाटलं. हे लिहिताना कान तापतात, पण बरं वाटलं हे खरं आहे.

मग मी उंबराच्या खालच्या फांदीला दोरीने पितळेची वाटी बांधली. सकाळी अंघोळ करून पानांवरचे थेंब बोटाने वाटीत निपटायचे, त्यात थोडं पाणी घालायचं आणि चमच्याने सगळ्यांच्या हातावर द्यायचं. तीर्थ द्यायचं काम आपोआप माझ्याकडे आलं. नळावर मला पुढे जागा मिळू लागली. पलीकडच्या गल्लीतल्या बायकासुद्धा यायला लागल्या. कुणी नारळ ठेवायचं, कुणी ताटात पैसे टाकायचं, त्यातून उदबत्ती आणि हार यायचे. वाटीवर आणि बुंध्यावर मुंग्यांची रांग असायची. आम्ही म्हणायचो, मुंग्यांनासुद्धा कळतं.

आमच्या मागच्या खोलीत लातूरकडचं जोडपं राहायचं. लग्नाला फार दिवस झाले नव्हते. ती पॅकिंगला जायची. तो तळवड्याला एका शेडमध्ये प्रेस मशीनवर होता, ठेकेदाराकडे. त्या दिवसांत त्याची दोन बोटं मशीनमध्ये आली. एकाचं टोक गेलं. दुसरं टाके घालून जोडलं, पण ते जीव धरेल की काढावं लागेल हे डॉक्टरांनी सांगितलं नव्हतं. ठेकेदाराने निरोप दिला होता, बोट राहिलं तर ये, नाहीतर मशीनवर दुसरा माणूस घेतो. त्या एका बोटावर त्यांचं इथलं राहणं होतं. ते गेलं तर दोघं गावी परतणार होती, आणि गावी काही नव्हतं.

ती माझ्याकडे आली. ओढणीच्या टोकात ओव्हरटाइमचे पैसे बांधलेले होते.

"काकू, ह्या पैशाचा पार बांधा झाडाला. माझ्या नावानं नको, त्याच्या नावानं. अन् तुमच्या हातानं थोडं तीर्थ लावा बोटाला."

मी म्हणाले, "डॉक्टरांनी ओलं करू नका म्हटलंय ना?"

"पाणी नको म्हनले. हे पाणी हाय का?"

मी नाही म्हणायला हवं होतं. पण तिच्या डोळ्यांत माझ्याबद्दल जे होतं ते कुणाच्या डोळ्यांत मी पाहिलं नव्हतं. मी वाटी घेऊन त्यांच्या खोलीत गेले. तो कॉटवर बसला होता, हात गळ्यात अडकवलेला. त्याला लाज वाटत होती. म्हणाला, "काकू, मला काय कळत नाही यातलं. ही म्हणती तर लावा." मी पट्टीचं टोक सैल केलं आणि चमच्याने थेंब थेंब सोडले. पट्टी पिवळट झाली. असं तीनचार दिवस केलं. त्याच आठवड्यात आमच्या ह्यांनी गवंडी आणून झाडाभोवती सिमेंटचा पार बांधून घेतला. तिचे सगळे पैसे त्यात गेले. पार छान झाला. मी त्यावर रांगोळी काढली.

एका सकाळी ती धावत आली. पायात चप्पल नव्हती.

"काकू, मुंग्या लागल्या. पट्टीत मुंग्या गेल्यात."

मी हातातल्या वाटीसकट तशीच गेले. उशीवरून, चादरीवरून, त्याच्या दंडावरून बारीक तांबडी रांग पट्टीत शिरत होती. तो दात आवळून बसला होता. पट्टीला आंबूस वास येत होता. मी हाताने मुंग्या झटकायला लागले तेव्हा तो पहिल्यांदा ओरडला. आवाज ऐकून समोरच्या ताई आल्या. त्यांनी एकदा पट्टीकडे पाहिलं. रिक्षा बोलावली आणि त्या दोघांना घेऊन दवाखान्यात गेल्या. मी दारातच उभी राहिले. माझ्या हातात वाटी होती, ती खाली ठेवायचंही सुचलं नाही.

दुपारी ताई एकट्या परत आल्या. जखम चिघळली होती, त्याला ठेवून घेतलं होतं. बोटाचं अजून नक्की नव्हतं.

मी विचारलं, "डॉक्टर काय म्हणाले?"

"ओरडले. जखमेवर गोड कुणी ओतलं म्हणाले."

"मग?"

"ती म्हणाली, चहा सांडला."

ती पोर माझं नाव घेऊ शकली असती. घ्यायला हवं होतं. तिने घेतलं नाही, आणि त्यामुळे मला जेवढं मेल्यासारखं झालं तेवढं शिव्यांनी झालं नसतं.

मी ताईंना म्हणाले, "मला दाखवा."

काय दाखवा, हे त्यांनी विचारलं नाही. आतून झाडूचा दांडा आणला, त्याने फांदी खाली ओढली आणि पान उलटं केलं. पानाखाली शिरेला धरून पांढरं, कापसासारखं काहीतरी बसलं होतं. मी रोज त्याच पानांवरून बोट फिरवत होते. पण वरच्या बाजूने. ताईंनी नखाने कापूस बाजूला केला. आत मसुरीच्या डाळीएवढा चपटा, मऊ किडा. पाय असून नसल्यासारखे. तो झाडात तोंड खुपसून बसला होता आणि जागचा हलत नव्हता.

"हा रस ओढतो," ताई म्हणाल्या. "बघत राहा."

आम्ही दोघी मान वर करून बघत राहिलो. एक मुंगी आली. तिने किड्याला मिशांनी हळूहळू थोपटलं, गाईला पान्हा फोडायला थोपटतात तसं. किड्याच्या मागच्या टोकाला एक थेंब आला. काचेसारखा स्वच्छ. मुंगीने तो प्यायला आणि ती निघून गेली. शेजारच्या किड्याकडे मुंगी नव्हती. त्याचा थेंब मोठा झाला आणि खाली पडला.

"म्हणजे हे त्याचं..." मी म्हणाले आणि पुढचा शब्द काढवेना.

"हो. तेच." ताईंनी फांदी सोडली. "देव कुठे राहतो मला माहीत नाही वहिनी. हा इथे राहतो एवढं माहीत आहे."

त्या हसल्या नाहीत. हसल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं. मी म्हणाले, "त्या दिवशी मी तुम्हाला बोलले..." त्या म्हणाल्या, "बोललात. लागलं मला. आता ते राहू द्या, बाकीच्यांना सांगा, लहान पोरांना पाजताहेत."

"तुम्ही सांगाल?"

"मी सांगितलं होतं. आता तुमचं तुम्ही सांगा."

मी फांदीची दोरी सोडवली आणि वाटी घरात नेली. दुसऱ्या दिवशी मुद्दाम नळावर भर गर्दीत गेले. पहिल्यांदा बोलले ते कुणालाच ऐकू गेलं नाही. दुसऱ्यांदा ऐकू गेलं. मी सांगितलं की ती किड्याची घाण आहे, आणि मी ती त्या पोराच्या जखमेत घातली.

एकीचा हंडा भरून वाहायला लागला. मग एक म्हणाली, "म्हणजे आपण इतके दिवस काय प्यायलो?" दुसरी म्हणाली, "मी सासूबाईंना दोन दोन चमचे द्यायची." तिसरी म्हणाली, "त्यांना काय झालं?" "काय नाय, खुश आहेत, अजून मागतात." मग हसू फुटलं. मी त्यात नव्हते. एकदोघींनी माझ्याशी बोलणं टाकलं. काहींनी मानलंच नाही, त्या अजूनही पाराला हळदकुंकू वाहतात. त्यांना मी काही म्हणत नाही. झाडाचा दोष नाही.

रविवारी ताईंनी पाइप जोडला आणि आम्ही दोघींनी झाडावर साबणाचं पाणी मारलं. खालच्या पानांवर काजळी धरली होती, ती काळी होऊन ओघळली आणि पार काळा झाला. मी तो घासला. डाग पूर्ण गेले नाहीत. मुंग्यांची रांग काही दिवस येत राहिली, वर जायची आणि रिकामी परत यायची.

त्याचं बोट राहिलं. पण ते वाकत नाही. ठेकेदाराने मशीनवर घेतलं नाही, माल मोजायला ठेवलं. पगार कमी झाला. त्यांना गावी जावं लागलं नाही, एवढंच.

तिचे पैसे परत करायचे असं मी ठरवलं. ती म्हणाली, "काकू, ते देवाला दिलेत." मी म्हणाले, "देवाकडे पोचले नाहीत." आमच्या ह्यांना मी त्यासाठी पैसे मागितले नाहीत. गल्लीच्या तोंडाशी एक मेस आहे, कंपनीतली पोरं तिथे जेवतात. तिथे मी पोळ्या लाटायला जाऊ लागले. अनोळखी माणसांत काम करायची भीती वाटायची, पण पोळपाटाकडे बघत राहिलं की भागतं. पगार झाला की थोडे थोडे नेऊन द्यायचे. दर वेळी ती म्हणायची, राहू द्या. दर वेळी मी डब्याखाली ठेवून निघून यायचे, बसत नसे. तो घरी असला तर मी दारातूनच द्यायचे. त्याच्या हाताकडे बघवायचं नाही.

शेवटचे द्यायला गेले तेव्हा तो घरीच होता. ती कामावरून यायची होती. मी पैसे पुढे केले. म्हणाले, "हे शेवटचे. मोजून घे बाबा."

"मोजायचं काय त्यात काकू."

"नाही, मोज."

तो मोजू लागला. त्याचं ते बोट नोटांच्या मधे सरळ उभं राहत होतं, म्हणून त्याला वेळ लागला. या वेळी मी दुसरीकडे बघितलं नाही. मोजून झाल्यावर त्याने नोटा घडी करून खिशात घातल्या.

"बरोबर आहेत काकू. फिटले," तो म्हणाला.