काकांनी करून दिलेला परिचय

आमच्या हॉस्पिटलातली एक नर्स यंदा पक्षाच्या उमेदवारीसाठी उभी राहिली आणि जॉन्सनव्हिल या आमच्या परदेशातल्या उपनगरातल्या मराठी घरांत दोन तट पडले. ती नाशिकची. मी त्याच हॉस्पिटलच्या फार्मसीत आहे, म्हणून आमची रोजची गाठ. निवडणुकीला कुणाला उभं करायचं हे आमच्या शाखेत सभासद मत देऊन ठरवतात, आणि पुण्यात वाढलेल्या मला अजूनही त्याचं अप्रूप वाटतं.

तिच्यासमोर होता इथल्याच शाळेतला एक मास्तर. गोरा, सायकलवरून फिरणारा, आमची बस बंद होणार होती तेव्हा घरोघर हिंडून ती वाचवणारा. घरभाडी, दवाखाने, हवामान, सगळ्यांवर दोघांची मतं जवळपास सारखी. मतं सारखी असली की माणसं जास्त जोरात भांडतात, हे मला माझ्याच स्वयंपाकघरात कळलं. सभेच्या आदल्या दिवशी मी बटाटेवडे केले होते. नवरा मास्तरांच्या बाजूचा. त्याचं म्हणणं, ती गुणी आहे, पण राजकारणात कालची आहे. मुलीचं हे पहिलंच मत. ती म्हणाली, "शी'ज लव्हली, आई, बट ही'ज डन हीप्स." हीप्स म्हणजे ढीगभर कामं.

वडे खायला आलेल्या काकांना ही चर्चाच मान्य नव्हती. काका म्हणजे निवृत्त इंजिनिअर, आमच्या मंडळाच्या प्रत्येक कार्यक्रमात पाहुण्यांचा परिचय करून देणारे. घरची मुलगी उभी असताना वाद कसला घालता, असं त्यांनी विचारलं. नवऱ्याने त्यांना 'आपला तो बाब्या' ऐकवलं. काका रागाने उठले आणि वडे गरम होते म्हणून पुन्हा बसले.

मी कुठेच नव्हते. ती मला आवडायची आणि मास्तरांचं मला पटायचं. पण तिला हे किती हवं आहे ते माझ्याइतकं कुणाला ठाऊक नव्हतं. महिनाभर जेवणाच्या सुट्टीत ती माझ्यापुढे भाषणाची तालीम करत होती. खाट नाही म्हणून खुर्चीवर बसून रात्र काढणारे पेशंट बघून ती थकली होती. "इथे मी फक्त सॉरी म्हणू शकते," ती एकदा म्हणाली होती. "जिथे हे ठरतं, तिथे जाऊन मला बोलायचंय."

सभेत आपलं नाव सुचवायला तिने काकांना सांगितलं. या देशात ती आली तेव्हा विमानतळावर घ्यायला काका गेले होते, पहिले काही आठवडे ती त्यांच्याकडेच राहिली होती. दुसऱ्या कुणाला विचारणं तिच्या मनातही आलं नाही.

शाळेच्या हॉलमध्ये सभा भरली. इथल्या मूळ लोकांच्या भाषेतला नमस्कार, किया ओरा, झाला, त्यांची प्रार्थना, कराकिया, झाली, अध्यक्षबाईंनी नियम सांगितला: प्रत्येक उमेदवाराला दहा मिनिटं, नाव सुचवणाऱ्याचं बोलणं त्यातच धरून. मास्तरांचं नाव सुचवणारी बाई तीन वाक्यं बोलून बसली. मास्तर बोलले आणि छान बोलले.

मग काका उठले. त्यांनी घसा साफ केला, व्यासपीठाला नमस्कार केला आणि आमच्या मंडळात जसा परिचय होतो तसा परिचय सुरू केला. तिचं गाव, तिचे वडील, दहावीतले मार्क, नर्सिंगची पदकं, गणपतीत बसवलेलं नाटक. इंग्रजी त्यांचं सुरेख आहे, हेच आमचं दुर्दैव. समोरची माणसं भल्या स्वभावाची, हसून ऐकत होती. नवरा घड्याळाकडे बघत होता. मी काकांकडे डोळे वटारले, तर त्यांना वाटलं मला आवडतंय. ते थांबले तेव्हा तिच्या वाट्याला जेमतेम दोन मिनिटं उरली होती.

ती शांतपणे उठली. हातातले कागद तिने खुर्चीवरच ठेवले. आधी काकांकडे वळून नमस्कार केला, घाई न करता. मग म्हणाली की मास्तरांनी वाचवलेल्या बसनेच तिच्या वॉर्डातल्या निम्म्या जणी रात्रपाळीला येतात, म्हणून आज कुणीही निवडून आलं तरी ती बस विसरू नका. होती नव्हती ती मिनिटं प्रतिस्पर्ध्यावर खर्च करणारी बाई मी पहिल्यांदाच पाहिली. मग तिने खुर्चीवर रात्र काढणाऱ्या एका आजोबांबद्दल सांगायला घेतलं आणि घंटा वाजली. पूर्ण करा, अशी कुजबुज हॉलभर झाली. अध्यक्षबाईंनीही मान डोलावली. पण वेळ सगळ्यांना सारखा, असं म्हणून ती वाक्य अर्धवट सोडून बसली. मी माझं मत त्या क्षणी ठरवलं.

ती थोडक्यात हरली. चहाच्या रांगेत नवरा मला हळूच म्हणाला, "मीही तिलाच दिलं." मग आमच्यातले लोक काकांना टाळू लागले. काका कोट घालून एकटेच दाराशी उभे होते. तिने मास्तरांचा हात हातात घेऊन अभिनंदन केलं आणि सरळ दाराकडे गेली. तिची स्वतःची गाडी बाहेर उभी होती. तिची किल्ली माझ्या नवऱ्याच्या हवाली करून ती काकांना म्हणाली, "मला घरी सोडता?" काका एकटे घरी गेले असते तर पुन्हा कुठल्या सभेला आले नसते, हे तिला कळलं होतं. मला तिने खुणेनेच मागे बसायला सांगितलं.

गाडी टेकडी चढली. मग काका म्हणाले, "माझ्यामुळे हरलीस तू."

मला वाटलं, आता ती छे छे म्हणेल. मी तरी तेच म्हटलं असतं.

"हो काका," ती म्हणाली. "थोडी तुमच्यामुळे." आणि तिला रडू फुटलं. "फार हवं होतं हो मला."

काकांनी गाडी कडेला घेतली. वाऱ्याने गाडी हलत होती. त्यांचा हात उचलला गेला, पण तिच्या डोक्यावर ठेवावा की नाही ते त्यांना कळेना. तिनेच तो धरला आणि पुरेसं रडून झाल्यावर नाक पुसलं.

"शनिवारी मास्तरांच्या प्रचाराला घरोघर जायचंय," ती म्हणाली. "सकाळी तुम्हाला घ्यायला येते."

"मला नको नेऊस," काका म्हणाले.

"काका, मी एकटी कशी जाऊ?"