हळद गोळा होईपर्यंत

हे लिहायचं मी सहा वर्षं टाळलं. पोलीस पाटील असताना मी खोटं बोललो आणि ते खोटं माझ्या सहीनिशी सरकारी कागदावर अजून आहे.

तहसीलच्या ग्रुपवर वीज पडण्याचा इशारा आला, की ग्रामपंचायतीच्या भोंग्यावरून गावाला सांगायचं काम माझं. त्या उन्हाळ्यात तीनदा सांगितलं, तीनदा थेंब पडला नाही. शेजारी माझा लहानपणापासूनचा दोस्त. तो चारचौघांत चिडवायचा, "पाटील, आज किती वाजता पाडता?" पण भोंगा ऐकला की औत सोडून मुकाट घरी यायचा. हे मला माहीत होतं.

त्या दिवशी मेसेज दोन वाजता आला. माझी शिजवलेली हळद पटांगणात वाळत होती. भिजली असती तर सगळी काळी पडली असती. कामाला सहा बाया होत्या, त्यांत त्या दोस्ताची बायकोही. भोंगा वाजवला असता तर सगळ्या आपापल्या हळदीकडे पळाल्या असत्या. मी मोबाइल खिशात टाकला.

"पाटील, आभाळ लई काळं होऊन राहिलं. भोंगा काहून न्हाई?" तिनंच विचारलं.

"मेसेज कुठं आला? हात उचला, वहिनी."

ती खाली वाकून घमेली भरत राहिली. डोंगरकड्याच्या बाजूनं गडगडाट जवळ येत होता. शेवटचं घमेलं आत गेल्यावर मी ग्रामपंचायतीकडे धावलो. कुलूप काढत होतो तेवढ्यात वीज पडली.

दोस्त बांधावरच्या लिंबाखाली थांबला होता.

त्याच्या पंचनाम्याच्या वेळी तलाठ्यानं विचारलं, "मेसेज किती वाजता आला?"

"रेंज नव्हती साहेब. मागून आला."

त्यानं लिहिलं, मी सही केली. पुढे तालुक्याच्या बैठकीत आमच्या गावाचा विषय निघाला. नुसत्या मोबाइलवर भागत नाही असं ठरलं आणि ग्रामपंचायतीवर आपोआप वाजणारा सायरन बसला. लोक म्हणतात, पाटलानं पाठपुरावा केला.

परवा सायरन वाजला. सगळे घरात शिरले, मी वहिनींच्या दारात जाऊन उभा राहिलो.

"भाईर काहून थांबले? आत या, वीज कडाडून राहिली," ती म्हणाली. मग सायरनकडे कान देत म्हणाली, "तवा रेंज असती तर..."

मी आत बसलो, चहा घेतला, आवाज थांबल्यावर घरी आलो. एवढंच बोलायचं होतं: वहिनी, रेंज होती. मेसेज दोनलाच आला होता. मला माफ करा.