दोन वाजता एकतीस जणी

त्या गुरुवारी देओलिंदा सकाळी साडेसहालाच कारखान्यात पोचली. रखवालदार अजून चावी फिरवत होता. तिला मुळी झोपच लागली नव्हती, पण भीतीने नाही, लग्नाच्या आदल्या रात्री लागत नाही ना, तशी. जिना दोन-दोन पायऱ्या करत ती वर पॅटर्न हॉलमध्ये गेली आणि दिवे लावले. एकतीस टेबलं, सगळी रिकामी. कॉम्प्युटर आधीच खोक्यात भरून नव्या कारखान्यात गेलेले. फक्त तिचं टेबल शिल्लक, त्यावर दोन स्क्रीन आणि एक फोन.

पोर्तुगालच्या फेल्गेइराश गावात चपला-बुटांशी ज्याचा संबंध नाही असं घर सापडणं कठीण, पण देओलिंदाच्या कारखान्याची गोष्ट आता संपत आली होती. मालकांनी पोर्तोच्या पलीकडे, समुद्राकडे नवी जागा घेतली होती. कापणी-शिलाई वर्षभर इथेच राहणार, पण बुटाचे तुकडे आखणारा पॅटर्न विभाग सोमवारपासून तिकडे. पहाटे पावणेसहाला बस, जायला दीड तास, यायला दीड तास. एकतीस बायकांपैकी जेमतेम दहा जणी जाऊ शकल्या असत्या. बाकीच्या काम सोडणार होत्या, आणि सगळ्यांत आधी एर्मिनिया, कारण तिची आई एक्क्याण्णव वर्षांची, एकटी ठेवायची सोय नाही.

आणि एर्मिनिया गेली तर देओलिंदाला ते सहनच झालं नसतं. कारण देओलिंदा सोळाव्या वर्षी इथे आली तेव्हा तिला गोंद लावायच्या खोलीत बसवलं होतं, डोकं दुखायचं, जेवणालासुद्धा गोंदाचा वास यायचा. तिला तिथून हाताला धरून वर आणली ती एर्मिनियाने. पुठ्ठा कसा कापायचा, सुरी कशी धरायची, बुटाच्या वरच्या भागाची वळणं कशी काढायची, सगळं तिने शिकवलं. हात जरा हलला तर टपली. पुढे पुठ्ठे गेले, कॉम्प्युटर आले, आणि देओलिंदा प्रत्येक बटणात बोट घालून बघायला लागली. कारखान्याचा कॉम्प्युटरवाला लक्झेंबर्गला निघून गेला तेव्हा जाताना तिच्या हातात पासवर्डांचा कागद देऊन म्हणाला, "तात्पुरतं सांभाळ." त्या तात्पुरत्याला आता अकरा वर्षं झाली होती.

एप्रिलमध्ये बसची बातमी कळली त्या दिवशी तिने चुलीवर सूप ठेवलं आणि लॅपटॉप उघडून वाचत बसली. सूप करपलं, भांडं टाकून द्यावं लागलं, पण तिला हवं ते सापडलं होतं. पॅटर्नचा प्रोग्राम इतका जड की बायकांच्या घरच्या जुन्या लॅपटॉपवर तो उघडतासुद्धा आला नसता. पण तो घरी चालवायचाच नाही. दूर कुठेतरी भाड्याच्या दणकट सर्व्हरवर चालवायचा आणि घरी फक्त त्याचं चित्र पाठवायचं, बास.

हे एर्मिनियाला, तिच्या 'दोना', म्हणजे बाई एर्मिनियाला, समजावताना तिची पुरेवाट झाली होती.

"टीव्हीवर फुटबॉल बघता ना दोना एर्मिनिया? खेळाडू काय तुमच्या घरात येऊन पळतात? पळतात तिकडे, दिसतात इकडे. तसंच हे."

"पण टीव्हीतल्या चेंडूला मला लाथ मारता येत नाही."

"इथे येणार. तेच तर सांगतेय."

एर्मिनियाने तिच्याकडे चष्म्यावरून बघितलं. "पोरी, तू लहानपणापासून अशीच आहेस. आधी लाथ मारतेस, मग चेंडू कुठंय ते बघतेस."

सहा आठवडे ती त्याच्या मागे लागली होती. एक सर्व्हर घ्यायचा, त्यावर प्रोग्राम बसवायचा, फाँट, मापांचे तक्ते, प्रिंटर, सगळं एकदा नीट लावायचं आणि मग त्या एकाच्या हव्या तेवढ्या हुबेहूब प्रती काढायच्या. चार वेळा चुकलं. एकदा तर सगळ्या प्रतींमध्ये तिचाच पासवर्ड गेला. पाचव्या वेळी स्वतःच्या स्वयंपाकघरात बसून, मुलाच्या फुटक्या लॅपटॉपवर तिने बुटाची जीभ काढली आणि रेघ हाताबरोबर पळाली, मागे राहिली नाही, तेव्हा ती उभी राहून खिडकीतून कुणाला तरी हाक मारणार होती, पण बाहेर फक्त शेजाऱ्याच्या कोंबड्या होत्या.

मग ती मालकांकडे गेली. "इंजिनिअर साहेब, एक दिवस द्या."

मालक वाल्देमार साहेब, सगळे त्याला इंजिनिअरच म्हणत, तसा सरळ माणूस. तोसुद्धा याच गावचा, त्याची आई शिलाईत होती. त्याने विचार केला आणि दिला. एक दिवस, एक ऑर्डर. डेन्मार्कच्या गिऱ्हाइकाचा मुलांचा हिवाळी बूट, बारा मापं, प्रत्येक मापाचे सगळे तुकडे. संध्याकाळी सहापर्यंत खाली कापणीत पोचले तर पॅटर्नवाल्या घरून काम करतील. नाही पोचले तर सोमवारी बस.

म्हणून ती साडेसहाला आली होती. बसल्या बसल्या तिने एकतीसच्या एकतीस सर्व्हर हाताने चालू केले. स्क्रीनवर हिरवे ठिपके एकेक करून पेटत गेले आणि ती मोजत गेली. साडेसातला एकतिसावा पेटला. आठला सगळ्या गावात ऐकू जाणारा भोंगा झाला आणि एकतीस घरांमध्ये एकतीस बायका कामाला बसल्या.

सकाळ कशी गेली ते तिला नंतर नीट आठवेचना. दर पाच मिनिटांनी फोन. "देओलिंदा, अगं हे तर कारखान्यापेक्षा जोरात पळतंय." "देओलिंदा, मी पायजम्यात आहे, कुणाला दिसत नाही ना?" आणि सव्वानऊला एर्मिनिया: "टाचेचं वळण काढलं मी. आई शेजारी बसून बघत होती, ती म्हणते तू कधीपासून एवढी चांगली काढायला लागलीस."

वाल्देमार साहेब अकराला वर आला. खुर्ची ओढून देओलिंदाच्या मागे बसला. साडेअकरापर्यंत पाच मापं पूर्ण.

"देओलिंदा, हे खरंच त्यांच्या घरून येतंय?"

"खालच्या आळीतून, चर्चमागून, आणि दोन जणी तर डोंगरावरून."

"डोंगरावर माझा फोनसुद्धा लागत नाही."

"तुमचा फोन जुना आहे साहेब."

तो हसला. बारा वाजेपर्यंत सहावं माप झालं. साडेबाराला भोंगा झाला, सगळ्या उठल्या, देओलिंदाही उठली. गेली तीस वर्षं त्या भोंग्याला तिचे पाय आपोआप उठत होते. खाली कँटीनमध्ये कोबीचं सूप, मक्याचा पाव आणि नेहमीचा खारवलेला कॉड मासा. तिने दोनदा घेतलं. साहेबांना सांगून टाकलं की मुलांच्या सँडलचं कामही असंच घरून होईल. शिलाईच्या नमुन्यांचंही होईल. ती बोलतच सुटली होती. एकदाही वर जाऊन स्क्रीन बघावी असं तिला वाटलं नाही.

दोनला भोंगा झाला. दोन वाजून एक मिनिटाने फोन वाजला.

"देओलिंदा, माझं उघडत नाहीये. नुसतं गोल गोल फिरतंय."

"जरा थांबा, पुन्हा—"

तेवढ्यात दुसरा फोन. मग ग्रुपवर निरोप, एकावर एक, वाचायच्या आत पुढचा. कुणाचंच उघडत नव्हतं. म्हणजे तिघींचं उघडलं होतं, अठ्ठावीस जणी बाहेर. देओलिंदाने खुर्ची पुढे ओढली. आधी वाटलं इंटरनेट गेलं. नाही, चालू होतं. मग वाटलं प्रोग्रामचा परवाना अडला. तोही नाही.

वाल्देमार साहेब मागून म्हणाला, "सकाळी चालत होतं ते कोणी खाल्लं?" आवाज चढवला नव्हता, पण तो घड्याळाकडे बघत होता.

मग तिने आलेख उघडला आणि तिला सगळं एका दमात दिसलं. सकाळभर एकतीस हिरवे ठिपके. साडेबारानंतर ते धपाधप विझलेले, पाऊण वाजता फक्त तीन उरलेले. दुपारभर रेघ सपाट. आणि दोन वाजता मागण्यांची भिंत. सरळ उभी भिंत.

चूक तिचीच होती. सर्व्हर बसवताना तिने सर्व्हर भाड्याने देणाऱ्या कंपनीच्या मार्गदर्शिकेतला नियम तसाच्या तसा उचलला होता: कुणी प्रोग्राम बंद करून पंधरा मिनिटं परतलं नाही की तो सर्व्हर मिटवायचा, तीन जागे ठेवायचे, माणसं येतील तसे नवे दोन-तीन करत उघडायचे. तो नियम लिहिणाऱ्याच्या गावात माणसं जेवून हवी तेव्हा येत असतील, एक सव्वाला, एक दीडला, एक कॉफी पिऊन. इथे एकतीस बायका एकाच भोंग्याला उठतात आणि एकाच भोंग्याला बसतात, घरी असल्या तरी. आणि उठताना नुसत्या उठत नाहीत. चाळीस वर्षांपूर्वीच्या फोरमनने लावलेली शिस्त, चमचा उचलायच्या आधी मशीन बंद. सगळ्यांनी नीट, व्यवस्थित, निरोप घेऊन प्रोग्राम बंद केला होता. एकीनेही चालू ठेवला नव्हता. देओलिंदाने तरी कुठे ठेवला होता. हे तिच्या ध्यानातच आलं नाही, कारण तिच्या आयुष्यात ते कधी वेगळं झालंच नव्हतं.

तिने आकडा बदलला. कमीत कमी तेहतीस. आता सर्व्हर उठायला लागणार, प्रत्येकाला आठ-दहा मिनिटं. पण तेवढ्यात तिला दिसलं की रांग वाढतच चाललीये. अठ्ठावीस बायका, आणि रांगेत साठ मागण्या, मग नव्वद. बायका दर दहा सेकंदांनी बटण दाबत होत्या, आणि प्रत्येक दाबण्याला नवी मागणी रांगेत मागे जाऊन उभी राहत होती.

तिने ग्रुपवर बोलून निरोप टाकला. "ऐका सगळ्या जणी. हात बटणावरून काढा. मी सांगेपर्यंत कुणी काही दाबायचं नाही, ठिपके पेटले की मी बोलावते. जा, कॉफी करून प्या."

लगेच एर्मिनियाचा फोन. "दोन वाजून गेलेत आणि मी कॉफी पिऊ? मला घाम फुटलाय. कामाच्या वेळेला मी आयुष्यात कॉफी प्यायली नाहीये."

"दोना एर्मिनिया, हात जोडते, प्या."

"मग मी खुर्चीतच बसते. नुसती."

"बसा. फक्त माऊसला हात लावू नका. आणि बाकीच्यांनाही सांगा, माझं ऐकत नाहीत, तुमचं ऐकतील."

"त्या माझंही ऐकत नाहीत, पण मला घाबरतात," एर्मिनिया म्हणाली आणि फोन ठेवला.

काय बोलली कोण जाणे, पण मिनिटभरात रांग थांबली. देओलिंदाने जुन्या मागण्या सगळ्या पुसून टाकल्या. मग ठिपके पेटायला लागले. चार. नऊ. ती खुर्चीच्या टोकावर बसलेली, साहेब उभा. जसे ठिपके पेटले तशी तिने नावं घेऊन बोलावली. आधी चर्चमागच्या सहा, मग खालची आळी, मग बाकीच्या. दोन वाजून सव्वीस मिनिटांनी एकतीसही आत.

"सव्वीस मिनिटं," साहेब म्हणाला.

"हो. चूक माझी आहे, मशीनची नाही आणि त्यांचीही नाही." तिने त्याला आलेख दाखवला, भिंत दाखवली, नियम दाखवला. लपवण्यासारखं काही नव्हतंच, आणि तिला लपवता येतही नाही, चेहऱ्यावर सगळं दिसतं. "सर्व्हर आता पावणेआठला आणि पावणेदोनला आपोआप उठतील. मी आत्ताच लावलंय. हे बघा."

साहेबाने बघितलं. पुन्हा खुर्चीत बसला.

आणि मग ती दुपार. सहा मापं बाकी, तीन तास चौतीस मिनिटं. सकाळी बायका हसत-खिदळत होत्या, आता एकीचाही फोन नाही. नुसते तुकडे येत होते. सातवं माप सव्वातीनला, आठवं पावणेचारला. स्क्रीनवर जीभ, टाच, बाजू, पुन्हा जीभ, टाच, बाजू, आणि देओलिंदा ते तपासून खाली कापणीत पाठवत होती. दहाव्या मापात एका जणीने शिलाईची जागा दोन मिलिमीटर कमी सोडली. ते देओलिंदाला दिसायच्या आधीच एर्मिनियाने घरून बघितलं, उघडलं, दुरुस्त केलं आणि खाली लिहिलं, *झोपलात का सगळ्या.* साहेबाने ते वाचलं आणि पहिल्यांदा पुढे वाकला.

"हे एर्मिनियाने घरातून पकडलं?"

"स्वयंपाकघरातून. आईच्या शेजारी बसून."

अकरावं माप पाच वाजून पाच मिनिटांनी. बारावं, सगळ्यांत मोठं, पाच वाजून एकेचाळीस मिनिटांनी. खालून कापणीवाल्याने फोन केला, सगळं मिळालंय, सगळं बसतंय. देओलिंदाने फोन ठेवला आणि कितीतरी वेळाने खुर्चीला पाठ टेकली.

वाल्देमार साहेब उठला, रिकाम्या टेबलांमधून खिडकीपर्यंत गेला, परत आला.

"दुपारी मला वाटलं झालं, संपलं. तुम्हाला नाही वाटलं?"

"मला वेळ नव्हता वाटायला."

"मी सोमवारची बस रद्द करतो," तो म्हणाला. मग तिच्या स्क्रीनकडे बोट दाखवून, "पण देओलिंदा, हे सगळं एकट्या तुमच्या डोक्यात आहे. उद्या तुम्ही पडलात, आजारी झालात, मग? एकीला शिकवा. लिहून ठेवा. ही माझी अट."

"शिकवते," ती म्हणाली, आणि कुणाला ते तिला लगेच माहीत होतं.

तिने ग्रुपवर एवढंच लिहिलं, *बस येणार नाही. घरीच.* मग फोन टेबलावर पालथा ठेवला, कारण तो थरथरत टेबलाच्या कडेकडे सरकायला लागला होता. शेवटी उचलला तो फक्त एर्मिनियाचा.

पलीकडे आधी तिच्या म्हाताऱ्या आईचाच आवाज, काय झालं, काय झालं. मग एर्मिनिया नाक ओढून म्हणाली, "आता मला सांग, ते ठिपके कुठे बघायचे?"

"कसले ठिपके?"

"तूच म्हणालीस ना ग्रुपवर दुपारी, ठिपके पेटले की बोलावते. मलाही दिसायला पाहिजेत. तू एकटी बघत बसतेस आणि सूप प्यायला गेलीस की सगळं गाव बंद."

देओलिंदा खदखदून हसली. "उद्या शिकवते. पण पुठ्ठा कापताना तुम्ही मला मारत होतात, लक्षात आहे ना?"

"माझं वय अठ्ठावन्न आहे, टपली जपून मार," एर्मिनिया म्हणाली. "किती वाजता बसू?"