हिरव्या पाटीच्या अलीकडे

पाटीपाशी पोचलं की ते काठीचं टोक खांबाला दोनदा टेकवायचे, घड्याळाकडे उगाचच बघायचे आणि म्हणायचे, "चला, माझं राज्य संपलं." मग वळून परत.

ही पाटी म्हणजे शिकागोजवळचं आमचं शॉमबर्ग संपून शेजारचं गाव सुरू होतं हे सांगणारी, रस्त्याकडेची साधी हिरवी पाटी. तुम्हीही अशा सबर्बमध्ये राहत असाल तर तुमच्या गावची पाटी कुठे आहे हे तुम्हाला सांगता येणार नाही. मलाही दहा वर्षं पत्ता नव्हता. अलीकडे जसं गवत तसंच पलीकडे, तेच मॅपल, तीच बँक. पण त्यांच्यासाठी ती देशाची सीमा होती आणि ते ती कधी ओलांडत नसत.

ते एका देशाचे माजी पंतप्रधान होते. कुठल्या, ते लिहीत नाही, कारण ते अजून तिथेच आहेत. आमच्यासाठी ते शेजारच्या टाउनहाउसमधल्या डॉक्टरीणबाईंचे वडील. माझ्या लेकीने, साचीने, पहिल्याच दिवशी सवयीने त्यांना 'काका' म्हटलं. त्याचा अर्थ त्यांनी मला विचारला आणि म्हणाले, "पूर्वी मला महामहीम म्हणायचे. ही बढती आहे." आमचं सगळं बोलणं इंग्रजीत व्हायचं. इथे मराठीत लिहिते आहे, पण थाट त्यांचाच आहे.

माणूस सत्तेवरून गेला तरी काही सवयी जात नाहीत. कचऱ्याचा ट्रक आला की ते अंगणात उभे राहून हात हलवायचे. आपण हलवतो तसा नाही, खांद्यापासून, सावकाश, समोर लाखभर माणसं असल्यासारखा. ट्रकचा ड्रायव्हर आधी गोंधळला, मग तोही रोज भोंगा वाजवायला लागला. आमच्या ओळीतल्या चारही घरांचे कचऱ्याचे डबे तेच बाहेर काढून ठेवत. मी एकदा नको नको म्हटलं तर म्हणाले, "करू द्या. इथे माझ्याकडे एवढंच खातं आहे."

वर्क फ्रॉम होम असल्यामुळे दुपारी मी चालायला बाहेर पडायचे आणि आमची जोडी जमली. पाटीची भानगड मला त्या चालण्यातच कळली. त्यांच्या देशात लष्कराने सत्ता घेतली तेव्हा त्यांना आधी राजधानीबाहेर जायची बंदी झाली. मग त्यांना बायकोसकट तिच्या माहेरच्या गावी नेऊन ठेवलं आणि गावच्या पुलापलीकडे पाऊल टाकायचं नाही असं सांगितलं. पुढे हृदयाचं ऑपरेशन निघालं. ते तिथे होईना, म्हणून लेकीकडे यायची परवानगी मिळाली, अटींवर. भाषण करायचं नाही. मुलाखत द्यायची नाही. लेक राहते ते गाव सोडायचं नाही. उपचार संपले की परत यायचं. आणि ते परत येईपर्यंत बायकोने तिकडेच राहायचं.

"अट मोडली तर?" मी विचारलं.

"तर मला पुन्हा देशात घेणार नाहीत आणि तिला बाहेर सोडणार नाहीत. ती तिथे, मी इथे. कायमचं."

"पण काका, इथे कोण बघतंय? पाटीच्या चार पावलं पुढे गेलात तर कोणाला कळणार?"

ते हसले. "अहो, मी पुढे जावं अशीच त्यांची इच्छा आहे! मी बाहेर राहिलो तर त्यांची कटकट मिटली. म्हणून तर मी जात नाही."

एवढा आज्ञाधारक बंडखोर मी तोवर पाहिला नव्हता.

पंचाईत एवढीच होती की इंडियन ग्रोसरी स्टोअर पाटीच्या पलीकडे होतं. अगदी समोर, दिसेल एवढ्या अंतरावर. शेवग्याच्या शेंगा त्यांच्याकडेही खातात आणि त्यांचा जीव शेंगांवर. मग आमची एक पद्धत ठरली. ते पाटीला टेकून उभे राहायचे, मी दुकानात जाऊन व्हिडिओ कॉल लावायचा आणि फोन शेंगांवर धरायचा.

"ती नको, म्हातारी आहे. डावीकडची. नाही, तिच्या खालची. वाकवून दाखवा."

"काका, लोक बघताहेत."

"बघू देत. परराष्ट्र व्यापार असाच चालतो."

दर शुक्रवारी त्यांच्या वकिलातीतून फोन यायचा. एक तरुण अधिकारी होता, कॅप्टन. कुठे आहात ते दाखवा म्हणायचा. काका अंगणात जाऊन फोन गोल फिरवायचे. हे घर, हे डबे, ही शेजारीण. मी हात हलवायचे. आमच्या लॉन मोवरचा आवाज ऐकून कॅप्टनने एकदा घाबरून विचारलं होतं, तुमच्याकडे हेलिकॉप्टर आलंय का?

आता मेश्रामदादांची ओळख करून द्यायला हवी. आमच्या भागातली नागपूर, वर्धा, अमरावतीकडची आम्ही मंडळी एप्रिलमध्ये जयंती साजरी करतो आणि मेश्रामदादा आमचे कायमचे सेक्रेटरी. माणूस सोन्यासारखा, फक्त उत्साहाला ब्रेक नाही. माझ्याकडे बार्बेक्यूला आले, काकांशी तासभर गप्पा मारल्या, मक्याचं कणीस खाताना त्यांचा फोटो काढला आणि खूश होऊन गेले.

आपल्याकडे कार्यक्रम कसा ठरतो ते तुम्हाला ठाऊकच आहे. आधी पत्रिका छापायची, मग पाहुण्यांना विचारायचं. पुढच्या मंगळवारी मी ऑफिसच्या मीटिंगमध्ये होते, कॅमेरा ऑन, आणि व्हॉट्सॲपवर पत्रिका आली. निळी बॉर्डर, वर फुलं, मध्ये काकांचा फोटो. खाली ठळक अक्षरांत 'प्रमुख वक्ते: माजी पंतप्रधान'. हॉल पाटीच्या पलीकडच्या गावातला. म्हणजे एका पत्रिकेत दोन अटी मोडलेल्या. आणि फेसबुकवरही टाकली होती, टॅग करकरून.

मी मीटिंग तशीच सोडून चपला घालून पळाले. डॉक्टरीणबाई स्वयंपाकघरात पांढऱ्याफटक उभ्या होत्या. काका खुर्चीत बसून फोन न्याहाळत होते.

"फोटो चांगला आलाय," ते म्हणाले. "पण कणीस कापायला नको होतं." एवढं बोलले, फोन टेबलावर उलटा ठेवला आणि पुन्हा त्याला हात लावला नाही. त्यांना घाबरलेलं मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

मेश्रामदादांना फोन लावला. त्यांना अटींची कल्पनाच नव्हती. आधी "अरे यार, एवढं काय, पब्लिसिटी तर झाली" म्हणाले आणि काकांच्या बायकोला तिकडे अडकवून ठेवलंय हे ऐकल्यावर त्यांचा सूरच बदलला. मग म्हणाले, "ताई, मी आत्ता डिलीट करतो. सगळ्यांना कॉल करून डिलीट करायला लावतो." आणि खरंच सगळी रात्र त्यांनी तेच केलं.

पण शुक्रवारी कॅप्टनने विचारलंच. मी अंगणातच होते. काकांनी फोन स्पीकरवर ठेवला होता.

"तुम्ही भाषण करणार आहात असं आमच्या बघण्यात आलं."

"छापणाऱ्याची चूक. ही माणसं आधी छापतात, मग विचारतात."

"आपल्याकडेही तसंच करतात, सर," कॅप्टन म्हणाला. "पण तुम्ही जाणार आहात का?"

"हॉल दुसऱ्या गावात आहे. मी जाणार नाही."

फोन ठेवल्यावर मला म्हणाले, "मला यायचं होतं हो. तुम्ही सगळे मिळून काहीतरी वाचता, असं साची सांगत होती." आमच्याकडे कार्यक्रमाच्या सुरुवातीला सगळे उभं राहून संविधानाची उद्देशिका वाचतात. मोठी माणसं मराठीत, मग मुलं इंग्रजीत. साची महिनाभर त्यांच्याच अंगणात घोकत होती.

मी हे मेश्रामदादांना सांगितलं. त्यांनी दोन मिनिटं विचार केला असेल. "हॉल कॅन्सल करतो," म्हणाले.

"आणि?"

"तुमच्या गावात पार्क आहे ना? छप्पर असलेलं? तिथे घेऊ. काका येऊ शकत नाहीत तर जयंती जाईल त्यांच्याकडे."

एप्रिलमध्ये शिकागोजवळ उघड्यावर कार्यक्रम करायचा म्हणजे काय, हे इथे राहणाऱ्यांनाच कळेल. वारा असा की पेपर प्लेट्स पतंगासारख्या उडत होत्या. बायकांच्या पांढऱ्याशुभ्र साड्यांवर फुगीर जॅकेटं, कानटोप्या. टेबलावरची फोटोफ्रेम पडू नये म्हणून दोघं जण पाळीपाळीने धरून उभे. खीर वाढेवाढेपर्यंत गार. कोणी कुरकुर केली नाही, कारण इथे का आलोय ते सगळ्यांना ठाऊक होतं.

काकांना व्यासपीठावर बोलावलं नाही. पत्रिकेत नाव नाही, भाषणात उल्लेख नाही. मेश्रामदादांनी तर माइकची वायरच अशी बांधली होती की तो त्यांच्या बाकापर्यंत पोचूच नये. फक्त एकदा शाल आणि नारळ घेऊन दबकत माझ्याकडे आले. "ताई, हे चालेल का, विचारा ना."

काका विचार करून म्हणाले, "नारळाबद्दल अटींमध्ये काही नाही." मग शाल पांघरून, नारळ मांडीवर घेऊन मुलांच्या बाकावर बसले.

उद्देशिका सुरू झाली. आमचं मराठीतलं झालं. मग मुलं उभी राहिली आणि साचीने हात धरून त्यांनाही उठवलं. "काका, यू कॅन रीड विथ मी."

सुरुवातीला त्यांचा आवाज मुलांच्या आवाजाखाली होता. हळूहळू वर आला. त्या आवाजाला मैदानांची सवय होती, तो दाबून ठेवणं त्याला जमेना. मुलं वाचता वाचता वळून बघायला लागली. शेवटाकडे, लोकांनी ही घटना स्वतःच स्वतःला दिली असं जिथे येतं, तिथे ते अडकले. नारळ दोन्ही हातांनी घट्ट धरला, श्वास घेतला आणि मुलांच्या मागून एकट्याने ते पुरं केलं. मी लहानपणापासून हे वाचते आहे. पण त्यातला एकेक शब्द कोणाकडून तरी काढूनही घेता येतो, हे मला त्या दिवशी कळलं. मी गॉगल लावला होता म्हणून बरं.

घरी जाताना म्हणाले, "आमच्या जनरलसाहेबांनी पहिल्या दिवशी नेमकं हेच खोडलं. लोकांनी स्वतःला दिली, हे. आता म्हणतात, आम्ही देऊ तेव्हा घ्या."

पुढच्या शुक्रवारी कॅप्टन. "तुम्ही भाषण केलंत का?"

"नाही. एकच वाक्य बोललो. तेही सगळ्यांबरोबर, लहान मुलं होती."

"कुठलं वाक्य?"

"शेजाऱ्यांचं आहे. एकच आहे, पण जरा लांब आहे. म्हणून दाखवू?"

कॅप्टन हळू आवाजात म्हणाला, "नको, सर. फोनवर नको."

काकांनी फोन ठेवला आणि दिवसभर स्वतःशीच हसत होते.

जूनमध्ये डॉक्टरांनी प्रकृती उत्तम असल्याचं सांगितलं आणि आम्ही सगळे त्यांच्या मागे लागलो. इथेच राहा, वकील बघू, अर्ज करू. लेक रडली. मेश्रामदादा तर लढायच्या तयारीत. काकांचं उत्तर ठरलेलं होतं. "ती पुलापर्यंत येऊ शकते. त्यापुढे येण्याची तिला परवानगी नाही. म्हणजे पुलापर्यंत मलाच जायला हवं."

लेकीची गाडी सामानाने भरली होती, म्हणून विमानतळावर न्यायला ते माझ्या गाडीत बसले. पाटीपाशी म्हणाले, "थांबवा." उतरले. काठी खांबाला दोनदा टेकवली. आणि पलीकडे गेले. दोन पावलं मोजून टाकल्यासारखी टाकली, मागे वळून माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "तसंच गवत आहे हो!"

मग आमची गाडी दुकानापाशी. इतक्या महिन्यांनी ते आत शिरले आणि तो अक्षरशः परदेश दौरा झाला. काउंटरवरच्या पटेलकाकूंशी हस्तांदोलन. तांदळाच्या पोत्यांची पाहणी. शेंगांपाशी थांबून एक शेंग स्वतः निवडली, वाकवून बघितली आणि विजयी चेहऱ्याने मला दिली. "फोनवर तुम्ही मला नेहमी म्हातारी दाखवत होतात." बाहेर पडताना दारात उभं राहून तोच खांद्यापासूनचा हात हलवला. पार्किंग लॉटमधल्या दोघातिघांनी उलट हात हलवला. का, ते त्यांनाही कळलं नसेल.

नंतर एकच फोटो आला. पुलाचा कठडा, आमची शाल पांघरलेले काका आणि शेजारी एक ठेंगणी बाई, उन्हामुळे डोळे बारीक केलेली. हसताहेत दोघंही. मी तो फोटो फ्रिजवर लावला आहे.

डबे आता मी बाहेर काढते, चारही घरांचे. ट्रकवाला भोंगा वाजवतो आणि अंगणाकडे बघतो.

यंदाची जयंती पुन्हा पार्कमध्येच केली. हॉल मिळत होता, पण कोणी विषयच काढला नाही. मेश्रामदादा वाऱ्यात माइक धरून उभे होते तेवढ्यात माझा फोन वाजला. व्हिडिओ कॉल. अंधारं स्वयंपाकघर, काका आणि त्यांची बायको शेजारी शेजारी उभे. "पाचपेक्षा जास्त माणसं जमवायची बंदी आहे," काका म्हणाले. "आम्ही दोघंच आहोत. सुरू करा."

मी फोन उंच धरला. मुलांबरोबर तेही वाचायला लागले. नेटवर्क रडत होतं, त्यांचा आवाज आमच्या मागे मागे येत होता, आधी एक शब्द, मग चार शब्द, मग अर्धी ओळ. मुलांचं वाचून झालं. फोनमधून मात्र दोन म्हातारे आवाज येतच होते, त्यांचा मोठा आणि तिचा अडखळत, शिकल्यासारखा.

साचीने माझा दंड ओढला. "आई, आर वी डन? बसायचं?"

"थांब," मी म्हटलं. "त्यांचं होऊ दे."

वाऱ्यात सगळे उभेच राहिले.