भोंग्याचा अंगठा

त्याला सगळे भोंगा म्हणत. बसस्टँडच्या चौकशी खिडकीमागे बसून गाड्यांच्या घोषणा करणं हे त्याचं काम. ते तो अशा थाटात करायचा, की गाडी सुटतेय की कुणाचा राज्याभिषेक होतोय, असा प्रश्न नवख्या प्रवाशाला पडावा. आवाज खणखणीत, उच्चार स्वच्छ, आणि प्रत्येक घोषणा तीनदा. एवढं होऊन गाडी फाटकाबाहेर पडली, की कुणीतरी धापा टाकत खिडकीशी यायचं आणि विचारायचं, "गाडी लागली का हो?"

साहेबांनी नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात त्याला एक धडा दिला होता. माइकचं बटण सोडलं की सगळ्या कर्ण्यांतून 'खट्ट' असा आवाज येतो आणि स्टँडवरची झोपलेली माणसं दचकतात, म्हणून तिन्ही वेळा घोषणा होईपर्यंत अंगठा काढायचा नाही. भोंग्यानं हा नियम देवाची आज्ञा मानून पाळला. लग्नात हार घालतानासुद्धा त्याचा अंगठा दाबलेलाच होता, असं त्याचा मेहुणा सांगतो. पण मेहुण्याचं सगळंच खरं धरायचं नसतं.

सांगायचा मुद्दा, गावभर आवाज जायचा आणि उलट उत्तर काही यायचं नाही. घरी तर आनंदीआनंदच. बायको वीज कंपनीच्या तक्रार खिडकीवर. दिवसभर लोकांचं ऐकून तिचे कान किटलेले असायचे. संध्याकाळी भोंगा नळाच्या वॉशरपासून जगाच्या राजकारणापर्यंत सगळं तीन-तीनदा बोलायचा आणि ती एका "हं"वर अख्खा संसार ओढायची.

अशात त्याला अँटेनाकाका भेटले. पोस्टातून निवृत्त झालेला माणूस, गच्चीवर दोन काठ्यांमध्ये तार ताणून रेडिओवरून अनोळखी लोकांशी गप्पा मारायचा. काका म्हणाले, "आपण हाक मारायची. कुठून तरी कुणी तरी उत्तर देतं."

'उत्तर देतं' एवढं ऐकलं आणि भोंगा कामातून गेला.

परवान्याची परीक्षा दिली, नापास झाला, पेपर काढणाऱ्याला नावं ठेवली, पुन्हा दिली, पास झाला. "पहिला सेट स्वतःच्या हातानं जोडावा," असं काका म्हणाले. काकांचं म्हणायला काय जातंय! पोस्टानं किट आलं. सर्किटची एक हिरवी पट्टी आणि मुगाएवढ्या, तांदळाएवढ्या वस्तूंनी भरलेल्या पिशव्याच पिशव्या. भोंग्यानं जेवणाचं टेबल ताब्यात घेतलं आणि कुटुंबाला जमिनीवर बसवलं.

मग शास्त्र सुरू झालं. तपकिरी पट्टा आणि लाल पट्टा यांत फरक असतो, हे त्याला चुकीचे रेझिस्टर जोडून झाल्यावर कळलं. काळ्या कड्यांवर बारीक तार गुंडाळताना वेढे मोजायचे होते. ते तो मोठ्यानं मोजायचा आणि मध्येच बायकोला काहीतरी सांगायला लागून विसरायचा. तारेवरचा लाखेचा थर खरवडल्याशिवाय सोल्डर धरत नाही, हे पुस्तिकेत ठळक छापलं होतं. त्यानं ती पुस्तिका गरम सोल्डरिंग आयर्नखाली ठेवली होती. टेबलाच्या सनमायकावर आता कायमचा नकाशा उमटला होता.

"भाऊजी, मी मिस्ड कॉल देऊ का?" मेहुणा विचारायचा. त्याचं मोबाइलचं दुकान होतं. "उत्तर दिल्यासारखं होईल."

अखेर सेट जोडून झाला. खरखर आली, तिच्यात माणसांच्या बोलण्याचे तुकडेही ऐकू आले. भोंग्यानं माइक उचलला आणि हाका सुरू केल्या. पण उत्तराच्या नावानं शून्य. त्यानं तार उंच केली, खाली केली, हवामानाला दोष दिला, किटवाल्यांचा उद्धार केला. अँटेनाकाका लेकीकडे गेले होते. जाण्यापूर्वी त्यांनी बटण कसं वापरायचं ते दोनदा समजावलं होतं, पण दोन्ही वेळा भोंगाच त्यांना काहीतरी समजावत होता.

शेवटी बायकोनं तोंड उघडलं. "रविवारी माझा भाऊ आणि वहिनी जेवायला येणार आहेत. टेबल मला परत पाहिजे. तोवर कुणी बोललं तर ठीक, नाहीतर हे सगळं माळ्यावर."

"आणि गच्चीवरची तार?"

"तिच्यावर चादरी वाळतील."

रविवारी सकाळी भोंगा आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून सेटसमोर बसला. रेडिओवर कपडे दिसत नाहीत, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. बायको शेजारी मटार सोलत होती.

"सीक्यू, सीक्यू!" त्यानं सुरुवात केली. हौशी रेडिओवाल्यांच्या भाषेत याचा अर्थ 'कुणी आहे का?' असा होतो. मग परवान्यावरचं आपलं सांकेतिक नाव, गाव, सेट स्वतः जोडल्याची माहिती, तारेची उंची. हे सगळं तीनदा. अंगठा निमिषभर उचलला, 'खर्र' ऐकलं आणि पुन्हा दाबला. "सीक्यू, सीक्यू!"

"अहो," बायको म्हणाली, "त्या माणसाला बोलू कधी देणार?"

"कोणत्या माणसाला? कुणी आहे का तिथे?"

"ते तुम्हाला कसं कळणार? अंगठा काढा."

"अगं, काढला होता की! हा तारेचा दोष आहे. लहरी कशा जातात माहितीये तुला?"

"लहरींचं मला माहीत नाही. माझ्या खिडकीवर असे रोज येतात. बोलत सुटतात, उत्तर ऐकायला थांबत नाहीत आणि जाताना म्हणतात, इथे कुणी ऐकतच नाही." तिनं मटाराच्या हातानं त्याचा अंगठा धरला आणि बाटलीचं बूच काढावं तसा बटणावरून उपटला. "आता गप्प बसा."

भोंगा गप्प बसला. खरखर आली. अजून खरखर आली. त्याचा अंगठा शिवशिवला, पण तो बायकोच्या मुठीत होता.

"...सोडलं! बटण सोडलं एकदाचं!" सेटमधून आवाज आला. "अहो नवीन स्टेशन, श्वास घ्या हो! रोज उत्तर देतोय तुम्हाला. तुमच्या तारेची उंची आमच्याकडे सगळ्यांना पाठ झालीय. आणि गाडी कोणती सोडताय ते तरी सांगा! ओव्हर, म्हणजे आता तुम्ही बोला."

भोंग्यानं माइक धरला. आयुष्यात पहिल्यांदा तो दोनच शब्द बोलला. कसंबसं "ऐकू येतंय!" म्हणाला आणि अंगठा चटका बसल्यासारखा काढला.

पलीकडे दातांचा डॉक्टर होता. "माझं सगळं आयुष्य बोलण्यात गेलं," तो सांगू लागला, "पण समोरच्याच्या तोंडात कापूस. उत्तर कोण देणार?" मग त्यानं आपला गुडघा, आपला जावई आणि आपली अँटेना यांची साद्यंत हकिगत सुरू केली. भोंग्याला मध्ये खूप काही सांगायचं होतं, पण डॉक्टर बटण सोडेल तर शपथ. मेहुणा आणि त्याची बायको येऊन जमिनीवर बसून जेवले. भोंग्याची बायको चादरीचं काही बोलली नाही. तिनं त्याचं ताट सेटशेजारी ठेवलं आणि विचारलं, "कसं वाटतंय?"

भोंगा म्हणाला, "हं."

सोमवारी स्टँडवर त्यानं पहिल्या गाडीची घोषणा केली. एकदाच. शेवटी सवयीनं तोंडातून "ओव्हर" निघालं, आणि त्यानं अंगठा काढला. सगळ्या कर्ण्यांतून 'खट्ट' झालं, तेही नेहमीपेक्षा दोन घोषणा आधी. झोपलेले उठले, उभे असलेले दचकले, साहेब केबिनमधून धावत निघाले. सगळा स्टँड मान वर करून कर्ण्याकडे बघत राहिला. आता पुढे काय, म्हणून.

तेवढ्यात फलाटावरून पेपरवाला ओरडला, "ऐकलं रे भोंग्या!"

साहेबांची बोलणी त्यानं शेवटपर्यंत ऐकून घेतली.